मल ऑफ किंटायर हेलिकॉप्टर अपघात

मल ऑफ किंटायर हेलिकॉप्टर अपघात : ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सचे चिनूक एचसी-२ जातीचे झेडडी ५७६ हे हेलिकॉप्टर २ जून १९९४ रोजी संध्याकाळी स्कॉटलंडच्या किंटायर द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकावरील डोंगरउतारावर आदळले. चार कर्मचारी आणि पंचवीस प्रवासी असे एकोणतीसही जण मरण पावले. ब्रिटिश हवाई दलाच्या शांतताकाळातील सर्वांत भीषण अपघातांत त्याची गणना होते. मात्र या अपघाताचे नाव इतकी वर्षे चर्चेत राहिले ते मुख्यतः त्यानंतरच्या तपासामुळे. अपघाताचा ठपका दोन मृत वैमानिकांवर ठेवण्यात आला आणि तो पुसला जायला सोळा वर्षे लागली.

प्रवासी साधे नव्हते. उत्तर आयर्लंडमधील सशस्त्र संघर्षाविरुद्ध काम करणारे हे गुप्तवार्ता अधिकारी होते : रॉयल अल्स्टर कॉन्स्टॅब्युलरी या पोलीस दलाचे दहा, लष्कराचे नऊ आणि नॉर्दर्न आयर्लंड ऑफिसच्या नावाखाली गणले गेलेले सहा, म्हणजे प्रामुख्याने एमआय-५ चे. इन्व्हर्नेसजवळच्या फोर्ट जॉर्ज येथील सुरक्षाविषयक परिषदेला ते निघाले होते. बेलफास्टजवळच्या ऑल्डरग्रोव्ह तळावरून ५ वाजून ४२ मिनिटांनी हेलिकॉप्टर उडाले. आघाताची वेळ सुमारे ५ वाजून ५९ मिनिटे. सगळे उड्डाण सतरा मिनिटांचे. इतक्या मोलाची माणसे एकाच यंत्रात का बसवली, हा प्रश्न त्या रात्रीच विचारला गेला आणि तो रास्तच होता.

सुकाणू सांभाळणारे फ्लाइट लेफ्टनंट जोनाथन टॅपर आणि रिचर्ड कुक हे विशेष दलांच्या मोहिमांसाठी निवडलेले वैमानिक होते. पहिला २८ वर्षांचा, दुसरा ३०. चिनूकचे हे सुधारित रूप हवाई दलात नुकतेच दाखल झाले होते आणि ऑल्डरग्रोव्हला तर ते अपघाताच्या जेमतेम दोन दिवस आधी पोचले होते. जुने, ओळखीचे एचसी-१ काही काळ राहू द्यावे, अशी टॅपर यांनी केलेली मागणी मान्य झाली नव्हती, असे पुढे साक्षीत आले. नव्या रूपाला एक महत्त्वाची मर्यादाही होती. बर्फ जमण्याच्या भीतीने चार अंश सेल्सिअसखालील तापमानाच्या ढगांत ते न्यायला परवानगी नव्हती. त्यामुळे हवा बिघडली की ढगांत शिरून उंच चढायचे, हा नेहमीचा मार्ग त्यांच्यासाठी पूर्ण मोकळा नव्हता. बेत समुद्रावरून कमी उंचीने, डोळ्यांनी पाहत जाण्याचा होता.

समुद्रावर त्या संध्याकाळी बऱ्यापैकी दिसत होते. डोंगराला मात्र दाट धुके चिकटलेले होते. टोकाजवळ शिडाच्या नौकेत असलेल्या एका माणसाने हेलिकॉप्टर कमी उंचीवरून सरळ जाताना पाहिले. जमिनीवर दीपगृहाच्या परिसरात असलेल्यांना केवळ आवाज ऐकू आला. धुक्यात काही दिसले नाही. एकाच हेलिकॉप्टरचे हे दोन साक्षीदार आणि त्यांच्यामध्ये काही सेकंदांचे अंतर. पुढचा सगळा वाद त्या सेकंदांचा आहे.

हेलिकॉप्टरमध्ये ब्लॅक बॉक्स नव्हता. उड्डाणाची नोंद ठेवणारे यंत्र नाही, वैमानिकांचे बोलणे टिपणारेही नाही. ५ वाजून ५५ मिनिटांनी स्कॉटिश लष्करी नियंत्रणाला केलेली हाक अनुत्तरित राहिली. नंतर काही नाही. तपासकांच्या हाती लागले ते दिशादर्शक संगणकाच्या स्मृतीतील थोडे आकडे. आघाताच्या १५ ते १८ सेकंद आधी उंची सुमारे ४६८ फूट होती. पहिला आघात झाला ती जागा समुद्रसपाटीपासून ८१० फुटांवर. याच यंत्रातून आणखी एक गोष्ट कळली. टोकाच्या दीपगृहाचा मार्गबिंदू सोडून वैमानिकांनी पुढचा, लॉख लिनीकाठच्या कॉरनचा मार्गबिंदू निवडला होता. याचा अर्थ आपण कुठे आहोत हे त्यांना ठाऊक होते आणि डावीकडे वळून किनाऱ्याने वर जायचा त्यांचा विचार होता. मग ते वळले का नाहीत? वळू शकले नाहीत की वळले नाहीत, याचे उत्तर त्या आकड्यांत नाही.

हवाई अपघात तपास शाखेने अवशेष तपासले. आघातापूर्वी बिघाड झाल्याचा ठोस पुरावा सापडला नाही. पण आघात आणि आगीने यंत्राची इतकी नासधूस झाली होती की बिघाड झालाच नाही असेही म्हणता येत नव्हते. याच हेलिकॉप्टरच्या नियंत्रण यंत्रणेतील एक कंस मे महिन्यात सुटून आला होता, हीही नोंद होती. बोइंगने शेवटच्या क्षणांचे संगणकीय अनुकरण करून पाहिले. मात्र इंजिनाच्या नियंत्रणाचे वर्तन त्यात धरलेले नव्हते, आणि शंका नेमकी त्याच्यावर होती.

हे नियंत्रण म्हणजे फॅडेक : इंजिनाला किती इंधन द्यायचे हे वैमानिकाच्या हाताऐवजी संगणक ठरवतो. १९८९ मध्ये अमेरिकेत डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टन येथे जमिनीवरच्या चाचणीत या प्रणालीमुळे एका ब्रिटिश चिनूकचे इंजिन बेफाम फिरले होते. त्यापोटी संरक्षण मंत्रालयाने निर्मात्या कंपनीवर दावा लावला आणि भरपाई मिळवली. १९९३ मध्ये ईडीएस-सायकॉन या संस्थेला आज्ञावली तपासायला दिली, तेव्हा तिने १८ टक्के भाग पाहून ४८५ विसंगती नोंदवल्या आणि काम थांबवले. बॉस्कम डाउन येथील लष्करी चाचणी केंद्राला या आज्ञावलीची खातरी देता येईना. अपघाताच्या अगदी सुमारास तिथल्या वैमानिकांची या प्रकारावरील चाचणी उड्डाणे थांबवलेली होती. चाचणी वैमानिक ज्यात बसत नव्हते, त्यात त्याच दिवसांत एकोणतीस माणसे बसली. एवढ्यावरून फॅडेकनेच अपघात घडवला असे सिद्ध होत नाही आणि तसा दावा या नोंदीत केलेला नाही. शंकेला मात्र जागा होती, ती अशी भरभक्कम होती.

हवाई दलाच्या चौकशी मंडळाने, विंग कमांडर अँड्र्यू पलफर्ड यांच्या अध्यक्षतेखाली, बहुधा डोंगरावर चढण्याचा दर चुकीचा निवडला गेला असावा असा निष्कर्ष काढला. वैमानिकांना निष्काळजी ठरवले नाही. अहवाल पुनर्विलोकनासाठी वर गेला. तेथे एअर व्हाइस मार्शल जॉन डे आणि एअर चीफ मार्शल सर विल्यम रॅटन यांनी दोघांवर घोर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला. त्यांचे म्हणणे असे : दृश्यता कमी असताना सुरक्षित उंचीखाली, वेगाने डोंगराकडे जाणे हाच निष्काळजीपणा आणि तो मार्गबिंदू बदलण्याच्या वेळीच घडून चुकला होता, मागाहून यंत्रात काही बिघडले असले तरी. युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण हवाई दलाचाच नियम होता की मृत वैमानिकाला निष्काळजी ठरवायचे तर यत्किंचितही शंका उरता कामा नये. मेलेला माणूस आपली बाजू मांडू शकत नाही, म्हणून हा नियम इतका कडक होता. शिवाय नौकेतल्या माणसाने पाहिले तेव्हा वैमानिकांना पुढचे दिसत असण्याचा पुरेपूर संभव होता, आणि हेलिकॉप्टर त्यानंतरही त्यांच्या ताब्यात होते हे कुणी दाखवू शकले नव्हते.

१९९५ मध्ये ठपका जाहीर झाला आणि दोघांच्या वडिलांचा लढा सुरू झाला. स्कॉटलंडच्या कायद्यानुसार पेझली येथे झालेल्या प्राणांतिक अपघात चौकशीत न्यायाधीश सर स्टीफन यंग यांनी १९९६ मध्ये हवाई दलाने सांगितलेले कारण सिद्ध झाल्याचे मानले नाही. २००० मध्ये हाउस ऑफ कॉमन्सच्या लोकलेखा समितीने ठपका मागे घ्यावा असे म्हटले आणि मंत्रालयाच्या ताठ्याला कडक शब्दांत नावे ठेवली. २००२ मध्ये लॉर्ड जॉन्सी यांच्या अध्यक्षतेखालील हाउस ऑफ लॉर्ड्सच्या निवड समितीने एकमताने सांगितले की दोन्ही एअर मार्शलांचा निष्कर्ष समर्थनीय नाही. ठपका जाहीर होताना संरक्षणमंत्री असलेले माल्कम रिफकिंड यांचेही मत पुढे फिरले. ‘कॉम्प्युटर वीकली’ या संगणक क्षेत्रातील साप्ताहिकाने आज्ञावलीचा विषय वर्षानुवर्षे लावून धरला. मंत्रालयाचे उत्तर मात्र एकच : नवा पुरावा आणा. वास्तविक संशयापलीकडचा पुरावा देण्याचे ओझे मंत्रालयावर होते. ते निवांतपणे मृतांच्या घरच्यांच्या खांद्यावर टाकले गेले, आणि या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक तीच होती.

२०१० मध्ये स्कॉटलंडचे निवृत्त न्यायाधीश लॉर्ड फिलिप यांच्याकडे फेरआढावा सोपवण्यात आला. त्यांनी अपघाताचे कारण शोधायचा आव आणला नाही. ठपक्याला आधार होता का, एवढेच तपासले. आवश्यक असलेली ‘शंकेला जागा नाही’ ही कसोटी पुनर्विलोकन अधिकाऱ्यांनी नीट लावलीच नव्हती, असे त्यांना आढळले. १३ जुलै २०११ रोजी संरक्षणमंत्री लिअम फॉक्स यांनी संसदेत घोर निष्काळजीपणाचा निष्कर्ष रद्द झाल्याचे सांगून वैमानिकांच्या कुटुंबांची माफी मागितली.

अपघाताचे कारण आजही अधिकृतपणे अनिर्णित आहे. मरण पावलेल्यांच्या स्मरणार्थ घटनास्थळी दगडांची रास उभारलेली आहे. खाली दीपगृह आहे, त्यापुढे समुद्र आणि स्वच्छ हवेत पलीकडे आयर्लंडचा किनारा. चिनूक हेलिकॉप्टरे पुढेही सेवेत राहिली. त्याच घराण्यातले नंतरचे रूप २०१९ पासून भारतीय हवाई दलाकडेही आहे. मृतांच्या नातेवाइकांनी अलीकडे न्यायाधीशांमार्फत सार्वजनिक चौकशीची मागणी लावून धरली आहे. हेलिकॉप्टर उड्डाणाला योग्य होते का, हा त्यांचा मुख्य प्रश्न. अपघाताशी संबंधित काही कागदपत्रे २०९४ पर्यंत, म्हणजे घटनेपासून शंभर वर्षे, मोहोरबंद ठेवण्याचा निर्णय झालेला आहे.