‘बेव’चा तंटा

वर्धेच्या काठी, रुक्मिणीच्या माहेरगावी, कौंडण्यपुरात मी मुलांना गणित शिकवतो. एकदा फळ्यावर 10 − 4 + 3 लिहिले. एका पोराने उत्तर काढले 3. “कंचेभागुबेव, गुरुजी! बेरीज आंधी, वजाबाकी मांगून.” मी फुली मारली. पोराने मात्र मी पाठ करून घेतलेला मंत्रच तंतोतंत पाळला होता.

माणूस सवयीने सावरून घेतो. यंत्राला ती सोय कुठली! 1957 साली फोरट्रान ही संगणकाची भाषा आली, तेव्हा हा मानपानाचा तंटा तिलाही मिटवावा लागला. 1960 च्या अल्गोल भाषेने तर तो व्याकरणातच बांधून टाकला. गुणाकार-भागाकारांनी बनते ते पद. पदे जोडून होते ती राशी. आणि तयार राशीला उजवीकडून एकेकच पद जोडायचे. म्हणजे बेरीज-वजाबाकी एकाच पंगतीला, वाढप डावीकडून. 10 तून 4 गेले, उरले 6. त्यात 3, झाले 9. पुढे 1963 मध्ये रॉबर्ट फ्लॉइड यांनी शेजारच्या दोन चिन्हांत अगोदरचा मान कोणाचा, याचा तक्ताच मांडून दाखवला.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी चूक कबूल केली. पोरगे क्षणभर थांबून म्हणाले, “मंग गुरुजी, ‘वबे’च काहून नाही पाठ करत?”

करून पाहिले. उत्तर 9 च येते.