हाटकेशच्या गॅलरीत कोनफ्लॉवर

परदेशी बियाण्यांची रंगीत पाकिटे घरबसल्या मागविता येऊ लागल्यापासून शहरी गॅलऱ्यांमध्ये जे नवे पाहुणे दाखल झाले, त्यांत कोनफ्लॉवरचा समावेश करावा लागेल. मधोमध नारिंगी-तपकिरी काटेरी शंकू आणि भोवती किंचित खाली झुकलेल्या जांभळट गुलाबी पाकळ्या असे याचे रूप. झेंडू-सूर्यफुलाच्याच कुळातील या बहुवर्षायू वनस्पतीचे शास्त्रीय नाव एकिनेशिया पर्प्युरिया. ‘एकिनोस’ म्हणजे ग्रीक भाषेत साळिंदरासारखा काटेरी छोटा प्राणी. शंकूला हात लावून पाहिल्यास नावाचे कारण लगेच उमगते.

मूळ स्थान उत्तर अमेरिकेच्या पूर्व व मध्य भागातील गवताळ प्रदेश. पाकिटावरील सूचनाही तिकडच्याच हवामानासाठी असतात. ‘वसंतात पेरा’ असे वाचून मीरा रोडच्या हाटकेश परिसरात कोणी मार्चमध्ये बी पेरले, तर कोवळी रोपे एप्रिलच्या उन्हात होरपळतात आणि उरलेल्यांची मुळे जुलैत कुजतात. किनारपट्टीच्या या पट्ट्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कोनफ्लॉवर थोडी तहान सोसते, पण साचलेले पाणी मुळीच नाही.

तेव्हा पेरणी दिवाळीनंतर करावी. त्याआधी चार आठवडे बी ओलसर वाळूत मिसळून पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवावे (बर्फाच्या कप्प्यात नव्हे). बियांना मायदेशी मिळणारी थंडी आपल्याकडे अशी द्यावी लागते. त्याविनाही काही बिया रुजतात, पण उगवण विरळ होते. पेरताना मातीचा अगदी पातळ थर पुरे. दोन-तीन आठवड्यांत अंकुर दिसतात. रोपाला पाच-सहा पाने फुटली की दहा-बारा इंची कुंडीत हलवावे. लाल माती, जाड वाळू व कोकोपीट समप्रमाणात आणि दोन मुठी गांडूळखत एवढे पुरेसे आहे. खताचा हात सैल सोडल्यास झाड नुसतेच लांबते आणि आडवे होते.

रोपे तरारली तरी कळी का धरत नाही, ही मात्र अनेकांची तक्रार असते. दोष खताचा नसतो. या झाडाला फुलण्यासाठी सुमारे तेरा तासांहून मोठा दिवस लागतो. आपल्याकडे डिसेंबरात दिवस जेमतेम अकरा तासांचा, तर जूनमधील सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा. म्हणजे फुलण्याची वेळ आणि पावसाची वर्दी एकाच सुमारास! व्यापारी रोपवाटिका यावर कृत्रिम प्रकाशाची युक्ती योजतात. घरीही फेब्रुवारीपासून रोज सूर्यास्तानंतर तीन तास कुंडीवर एलईडी दिवा लावून पाहण्यास हरकत नाही. बी पहिल्याच वर्षी फुलणाऱ्या वाणाचे घ्यावे. ‘चेयेन स्पिरिट’ आणि ‘पॉववॉव वाइल्ड बेरी’ हे असे दोन वाण आहेत. इतर बहुतेक वाण पहिले वर्ष मुळे धरण्यातच घालवतात आणि त्यांना एक पावसाळा पार करावा लागतो.

कुंडीची जागाही विचारपूर्वक निवडावी. दक्षिणेकडील गॅलरीत हिवाळाभर भरपूर ऊन असते, पण मेच्या मध्यावर सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे सरकतो आणि ऐन बहराच्या दिवसांत ती गॅलरी सावलीत जाते. पूर्व वा पश्चिमेची बाजू त्या मानाने बरी. खिडकीच्या ग्रिलवर पांढरा पिठ्या ढेकूण आढळल्यास निंबोळी तेल फवारावे.

सर्दीवरील औषध म्हणून एकिनेशियाचा बाजारात बराच बोलबाला आहे. त्याच्या गुणाचा पुरावा मात्र तोकडा आहे, शिवाय या कुळातील फुलांची ॲलर्जी असणाऱ्यांना त्रास होऊ शकतो. कुंडीतील मुळे उकळून काढे करण्याच्या भानगडीत पडू नये.

जूनच्या पहिल्या सरीपूर्वी कुंडी छपराखाली, वारा खेळेल अशा जागी हलवावी, खालची बशी काढून टाकावी आणि वरची दोन बोटे माती सुकल्यावरच पाणी द्यावे. एवढी उठाठेव नको असेल त्यांनी त्याच कुंडीत गलांडा लावावा. तोही अमेरिकेतूनच आलेला, पण आपल्या हवेला केव्हाच सरावलेला.