'द सर्चर्स'चा नायक घरात का जात नाही?

जोसेफ कॅम्पबेल यांनी १९४९ मध्ये 'नायकाचा प्रवास' ही संकल्पना मांडली. तिचे तीन टप्पे: घर सोडणं, कसोटीला उतरणं आणि काहीतरी मिळवून परतणं. जॉन फोर्ड यांचा 'द सर्चर्स' (१९५६) हा वेस्टर्न सिनेमा यात बसतो का?

कमांची टोळीने पळवलेल्या पुतणीला, डेबीला शोधायला ईथन (जॉन वेन) निघतो. शोधात अनेक वर्षं जातात. ती कमांचींचीच झाल्याचं दिसताच तो तिला मारायला उठतो. म्हणजे खरी कसोटी त्याच्याच मनातल्या द्वेषाशी आहे. शेवटी तो तिला उचलून घेतो, शेजाऱ्यांच्या घरी आणतो. सगळे आत जातात. ईथन मात्र दारातूनच माघारी फिरतो.

डेबी परतली, ईथनचं परतणं अर्धवटच राहिलं. साचा जिथे मोडतो, तिथेच हा सिनेमा कळतो.