पंगतीत आणखी एक पान

गरीब घरच्या मुलाला शिकायचं असेल तर फीच्या आधी भाकरीची सोय लागते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी साताऱ्यात, कराडात, सांगलीत ती मिळवण्याची एक रूढ वाट होती, ती म्हणजे वार लावून जेवणं. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे आठवड्याचे वार लावून घ्यायचे. एखाद्या घरी सोयरसुतक आलं की त्या दिवशी माधुकरी, नाहीतर उपास. गावात किती परगावची मुलं शिकणार, हे जेवू घालणाऱ्या घरांच्या संख्येवर ठरायचं. ती घरं बहुतेक ब्राह्मणांची आणि वार लावणारी मुलंही ब्राह्मणांचीच. कुणब्याचं, धनगराचं, महार-मांगाचं पोर या मोजणीत कुठेच नव्हतं.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी ही मोजणी मोडली. 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. मागोमाग जैन, लिंगायत, मुस्लिम विद्यार्थ्यांची बोर्डिंगं उभी राहिली आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. दरबारने जागा आणि मदत द्यायची, बाकीचं त्या त्या समाजाने बघायचं. शेकडो मुलांना त्यामुळे छप्पर मिळालं. पण ज्या समाजाकडे पैसेवाले कमी, त्या समाजाची मुलंही बोर्डिंगात कमीच राहणार, हा पेच शिल्लक राहिला.

याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये एक दांडगा विद्यार्थी राहत होता. भाऊराव पायगोंडा पाटील. जन्म 22 सप्टेंबर 1887 चा, कुंभोजचा. घराणं वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आल्यावर त्याला आंघोळ करून मगच जेवायला बसायला सांगितलं गेलं. त्याने नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावं लागलं. ज्याला पंगतीतून उठावं लागलं, त्याने पुढे मांडलेल्या पंगतीची ही गोष्ट आहे.

भाऊराव पुढे किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव हिंडले. नांगर विकणाऱ्याला शेतकऱ्याच्या ओसरीवर बसावं लागतं. पीकपाणी, कर्ज, घरातली माणसं, सगळं आपसूक कळतं. बांधावर गुरं राखणारी हुशार पोरं त्यांनी या फिरतीत पाहिली. दुधगावात त्यांनी सहकाऱ्यांबरोबर सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवण्याचा प्रयोग आधीच करून पाहिला होता. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली, आणि 1924 साली संस्थेचं ठाणं साताऱ्यात आलं. त्या काळचा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा बराच मोठा होता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके त्यातच होते. 1949 साली दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली झालं. त्यामुळे संस्थेच्या साताऱ्यातल्या बोर्डिंगमध्ये येणारी पोरं कृष्णाकाठची होती तशी वारणाकाठचीही होती.

एक स्वयंपाकघर, एक पंगत, कुणाचं ताट वेगळं नाही. हे आज सोपं वाटतं. 1924 मध्ये त्यासाठी गावकी, भावकी आणि नातलग, सगळ्यांचा रोष घ्यावा लागत होता. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई जुन्या वळणात वाढलेल्या. त्यांना स्वतःच्या मनातला विटाळ आधी पुसावा लागला, मग त्या या सगळ्या पोरांच्या आई झाल्या. देणगी यायला उशीर व्हायचा आणि पोरांच्या भुकेला तर उशीर चालत नाही. अशा वेळी लक्ष्मीबाईंचा एकेक दागिना बाहेर पडत गेला. एका दिवशी घरात दाणा उरला नाही, तेव्हा त्यांनी मंगळसूत्रही काढून दिलं. 1930 साली त्या गेल्या. संस्थेचा इतिहास सांगताना भाऊरावांचं नाव आधी येतं, ते योग्यच आहे. पण बोर्डिंगमध्ये किती मुलं राहू शकतील, हे कित्येक महिने या बाईच्या गळ्यातल्या सोन्याने ठरवलं होतं.

त्याआधी, 25 फेब्रुवारी 1927 रोजी, महात्मा गांधी साताऱ्याच्या या बोर्डिंगमध्ये आले आणि बोर्डिंगला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. पुढे गांधीजींच्या शब्दावरून हरिजन सेवक संघाकडून वर्षाला 500 रुपयांची मदत सुरू झाली. पण अशा रकमेत दरवर्षी वाढणारी पोरं बसणार कशी? साधा कारभारी असता तर त्याने रक्कम बघून जागा ठरवल्या असत्या. भाऊराव आधी पोरगं घेऊन यायचे आणि मग त्याच्या भाकरीच्या मागे लागायचे. सुगीच्या दिवसांत गावोगाव धान्य गोळा व्हायचं. बायका दळण-कांडणातून मूठभर धान्य बाजूला काढत, तो मुष्टिफंड. गावचा पाटील पैसे देऊ शकत नसेल, पण ज्वारीचं पोतं देऊ शकतो, हे नांगर विकून आलेल्या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

किती पोरांना जागा द्यायची, या प्रश्नाचं वेगळंच रूप अमेरिकेत दिसतं. तिथल्या कॉलेज फुटबॉलमध्ये खेळाडूंना शिष्यवृत्ती देऊन आणतात. श्रीमंत विद्यापीठं एकेका वर्षी इतकी पोरं घेऊन ठेवत की प्रतिस्पर्ध्याला चांगला खेळाडू उरू नये. म्हणून एनसीएए या नियामक संस्थेने 1973 साली संघामागे 105 शिष्यवृत्त्यांची मर्यादा घातली, 1978 मध्ये ती 95 केली आणि पुढे नव्वदीच्या दशकात टप्प्याटप्प्याने 85. प्रशिक्षक पदवीधर किती बाहेर पडतील, जखमी किती होतील, सोडून किती जातील याची वर्षभर बेरीज-वजाबाकी करत बसत. शिष्यवृत्ती नसतानाही संघात घुसून घाम गाळणारी मुलं तिथेही असतातच. 2025 पासून शिष्यवृत्तीची ती मर्यादा गेली आणि न्यायालयीन तडजोड मान्य केलेल्या विद्यापीठांत अख्ख्या संघावरच 105 खेळाडूंची मर्यादा आली. तिथे पैसा उदंड होता, म्हणून आकडा बांधावा लागला. साताऱ्यात पैसाच नव्हता, आणि तरी आकडा बांधायला भाऊराव तयार नव्हते.

त्यांचं उत्तर होतं श्रम. मुलं स्वयंपाक करत, भांडी घासत, बागेत राबत, पाया खणत, दगड फोडत. स्वावलंबी शिक्षण हे ब्रीद यातून आलं. देणगीदाराच्या मर्जीवर जागा ठरण्याऐवजी मुलाच्या दोन हातांवर ठरू लागली. 1940 मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं आणि 1947 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. कमवा आणि शिका या पायावर चाललेल्या या कॉलेजमध्ये शेतात काम करून आलेला मुलगा त्याच हातांनी शेक्सपिअरचं पान उलटत असे. शाहू बोर्डिंगमध्येच वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. 1948 साली मुंबई सरकारने संस्थेचं अनुदान रोखलं तेव्हाही पोरांना घरी पाठवण्याचा विचार झाला नाही. गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झालं. 1954 साली कराडला निघालेल्या कॉलेजला गाडगे महाराजांचं नाव दिलं गेलं.

हीच मोजणी तालमीतही चालते, फक्त तिथे भाकरीऐवजी खुराक म्हणतात, आणि खुराक भाकरीपेक्षा कितीतरी महाग. पहाटे चारला उठून जोर-बैठका, मग आखाडा खोऱ्याने उकरायचा, तांबड्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू मिसळायचं आणि लढती. अंगातला घाम निथळून गेला की पैलवान दगडी कुंडीत बदाम घोटायला बसतो. थंडाई, दूध, तूप, अंडी, मटण. शेतकरी बापाला एका मुलाचा हा खर्च झेपणं अवघड. घरी दोन मुलगे असले तर बहुतेकदा एकच तालमीत राहतो आणि दुसरा औत धरतो. गावाकडून एसटीने येणारा दुधाचा कॅन हीच त्या घराने दिलेली शिष्यवृत्ती. पूर्वी संस्थानिक आपल्या पदरी मल्ल बाळगत, त्यांचा खुराक दरबारातून निघे. संस्थानं गेली आणि पैलवानाचा पोशिंदा गेला.

या बदलाच्या ऐन मध्यावर कराडजवळच्या गोळेश्वरचा खाशाबा जाधव उभा होता. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. गादीवरच्या कुस्तीचा फारसा सराव नसताना खाशाबा फ्लायवेट गटात सहावा आला. 1952 च्या हेलसिंकीच्या वेळी संस्थान उरलं नव्हतं. संघात जागा मिळवण्यासाठीच त्याला झगडावं लागलं. निवड चाचणीतल्या निकालावर दाद मागून पुन्हा लढत घ्यायला लावली, ती जिंकली, तेव्हा नाव लागलं. मग प्रश्न पैशांचा. गावाने वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. आपल्या विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणारा प्राचार्य! 23 जुलै 1952 रोजी खाशाबाने बँटमवेट गटात ब्राँझपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. गावी दीडशेवर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबाने काय केलं? कुस्त्यांची मैदानं भरवली, त्यात स्वतः लढला आणि आलेल्या पैशांतून खर्डेकरांचं घर सोडवलं. 1955 मध्ये तो पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो 1984 मधल्या अपघाती मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी. ही दिरंगाई अक्षम्य आहे.

सांगलीकडे मात्र त्या दशकांत मल्लांची रांगच लागली. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर 1960 साली हिंदकेसरी झाले. कवठेपिरानच्या मारुती मानेंनी 1962 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणि रौप्य अशी दोन पदकं आणली आणि 1964 मध्ये हिंदकेसरीची गदा खांद्यावर घेतली. एव्हाना ऊसपट्ट्यात नवा पोशिंदा तयार होत होता, तो सहकारी साखर कारखाना. कागलच्या शाहू कारखान्यासारखे कारखाने मानधन कुस्ती स्पर्धा भरवतात. वजनगटाप्रमाणे लढती होतात आणि जिंकणाऱ्यांना मानधन मिळतं. प्रत्येक गटात ठरावीक जागा, म्हणजे अमेरिकन प्रशिक्षकाच्या वहीतला आकडा इथे कारखान्याच्या ठरावात येतो. शेवटच्या लढतीत एका गुणाने हरलेल्या पोराचं पुढचं वर्ष मात्र पुन्हा बापाच्या म्हशीवर.

मुलींना तर या मोजणीत शिरायलाच फार उशीर लागला. मार्च 2023 मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. पुरुषांची महाराष्ट्र केसरी 1961 पासून चालू होती आणि तिचे पहिले मानकरी दिनकर दह्यारी हेही सांगलीचेच. मधली बासष्ट वर्षं किती मुलींनी गुपचूप भावाच्या जोर-बैठका पाहिल्या असतील, याची नोंद कुठल्याच तालमीत नाही.

कमवा आणि शिका आता विद्यापीठांची योजना आहे आणि पुण्याच्या विद्यापीठात तिला कर्मवीर भाऊरावांचंच नाव आहे. मुलं ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात तासांवर काम करतात आणि त्यातून मेसचं बिल भरतात. हे चांगलंच आहे. पण कोणत्या कॉलेजात किती मुलांना काम द्यायचं, हे तरतूद पाहून आधी मंजूर होतं. जूनमध्ये दुष्काळी जत-आटपाडीकडून पत्र्याची पेटी घेऊन आलेल्या शेवटच्या मुलाला त्या मंजूर यादीत जागा आहे की नाही, हे बघून मग वसतिगृहाचं दार उघडतं. 1924 च्या साताऱ्यात आधी दार उघडत होतं.