दारिद्र्यमापनाचें एक जुनें साधन

दादाभाई नौरोजी यांनीं इ. स. १८७६ मध्यें मुंबईस वाचलेला हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील निबंध सुविख्यात आहे. सरकारी अहवालांतील पिकांच्या आंकड्यांवरून त्यांनीं ब्रिटिश हिंदुस्थानचें दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारें २० रुपये ठरविलें, एवढेंच बहुधा सांगितलें जातें. आम्हांस त्यांतील दुसरें माप अधिक मोलाचें वाटतें. केवळ जगण्यास काय लागतें, हें दाखविण्यासाठीं त्यांनीं तुरुंगांतील कैद्यांचा खर्च आणि समुद्रापार जाणाऱ्या मजुरांचा जहाजावरील शिधा प्रमाण धरला. मुंबई इलाख्यांत दरडोई उत्पन्न सुमारें ३९ रुपये, तर कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च सुमारें ४७! निरपराध रयतेस कैद्याइतकेंही मिळत नाहीं, असें सरकारच्याच कागदांवरून त्यांनीं दाखविलें.

जागतिक बँकेनें १९९० सालीं सर्व जगासाठीं रोजी एका डॉलरची दारिद्र्यरेषा आंखली, ती गरीब देशांच्या स्वतःच्या रेषा पाहून. २०२५ मध्यें नव्या किंमतींच्या हिशेबानें ती तीन डॉलर झाली. त्या आंकड्याच्या पोटांत तांदूळ किती नि मीठ किती, हें वाचकास दिसत नाहीं. दादाभाईंच्या यादींत दिसतें. यास्तव तुरुंगांच्या व मजूरवाहू जहाजांच्या शिध्याच्या याद्या कोणाच्या संग्रहीं असल्यास त्या रद्दी समजूं नयेत. त्यांच्या नकला प्रसिद्ध कराव्या, अशी आमची विनंती आहे.