मेडन कॅसल

इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातील प्रागैतिहासिक डोंगरी दुर्ग. डॉर्चेस्टर शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे २.५ किमी.वर, चुनखडीच्या टेकडीवर आहे. चर खणायचा आणि निघालेल्या मातीचा तट रचायचा, अशी याची बांधणी.

टेकडीच्या पूर्व भागात नवाश्मयुगीन लोकांनी इ. स. पू. ३६००च्या सुमारास तुटक चरांचे आवार केले. पुढे त्यावरून सुमारे ५४५ मी. लांबीचा मातीचा वरंबा घातला गेला. लोहयुगात, इ. स. पू. ६००च्या सुमारास, साधारण त्याच जागी ६.४ हेक्टरांचा दुर्ग झाला. दीडएकशे वर्षांनी तो पश्चिमेकडे वाढून १९ हेक्टरांचा झाला. त्याभोवती एकामागे एक तट व खंदक आले आणि दोन्ही दरवाजांच्या वाटा नागमोडी वळवण्यात आल्या. आत गोल घरे व धान्याची पेवे होती. गोफणीसाठी चेसिल किनाऱ्यावरून आणलेल्या हजारो गोट्यांचे साठेही सापडले.

पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व टेसा व्हीलर यांनी १९३४–३७ मध्ये येथे उत्खनन केले. लंडनमध्ये शिकत असलेल्या ह. धी. सांकलियांना क्षेत्रीय कामाचे शिक्षण येथेच मिळाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील पुरातत्त्वाचा पाया त्यांनी नंतर घातला. मॉर्टिमर व्हीलर १९४४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले.

पूर्व दरवाजापाशी जखमांच्या खुणा असलेले सांगाडे मिळाले; एकाच्या मणक्यात लोखंडी टोक रुतलेले होते. इ. स. ४३ मधील रोमन स्वारीत सेनानी व्हेस्पेसियनने येथे कत्तल केली, असा अर्थ व्हीलर यांनी लावला. ही कथा फार गाजली. पण पुरावा तिला पुरेसा आधार देत नाही. अनेकांचा मृत्यू हिंसक होता हे खरे, मात्र ही दफने एका दिवसाची नसून काही दशकांत झालेली आहेत, असे नव्या कालमापनातून दिसते.

हे कायद्याने संरक्षित स्मारक असून इंग्लिश हेरिटेज संस्था त्याची देखभाल करते. शासनाच्या लेखी संमतीविना येथे खोदकाम करणे आणि परवानगीविना धातुशोधक यंत्र वापरणे, दोन्ही गुन्हे आहेत. तरीही मातीच्या तटाला खरा धोका रोजच्या पायदळीचा आहे. मेंढ्यांच्या चराईमुळे झुडपे माजत नाहीत, पण त्यांच्या व पर्यटकांच्या पायवाटांनी उतार झिजतात. काही अंशी या झिजेमुळे १९८५–८६ मध्ये नायल शार्पल्स यांनी मर्यादित फेरउत्खनन केले. आतील बरीच जमीन अजून खणलेली नाही. ती तशीच राखणे योग्य आहे, कारण व्हीलर यांचा निष्कर्ष तपासता आला तो जपलेल्या अवशेषांवरूनच.