विष, धरण आणि माशांचं पाळणाघर

बॅकवॉटर म्हटलं की आपल्याला उजनी आठवतं, म्हणजे धरणाचा फुगवटा. आजच्या गोष्टीतलं बॅकवॉटर मात्र वेगळं आहे. पूर ओसरल्यावर वाळूच्या पट्ट्यामागे साचून राहिलेलं, गुडघाभर, उन्हानं कोमट झालेलं पाणी. प्रवाह जवळजवळ नाहीच. माणसाला ते डबकं वाटतं, माशांच्या पिल्लांना पाळणाघर.

चला अमेरिकेत, ग्रीन नदीवर. ही कोलोरॅडो नदीची मोठी उपनदी. सप्टेंबर १९६२. फ्लेमिंग गॉर्ज धरण भरायच्या बेतात होतं. नव्या जलाशयात ट्राउट सोडायचे होते, कारण गळ टाकणाऱ्या हौशी लोकांना ते हवे होते. मग आधीच्या माशांचं काय? ते 'फालतू'. म्हणून नदी आणि उपनद्यांच्या सुमारे ७०० किलोमीटर पट्ट्यात सरकारी खात्यांनीच रोटेनोन हे विष ओतलं. खालच्या बाजूला पोटॅशियम परमँगनेट टाकून विष निकामी करायचं ठरलं होतं. ते पूर्ण जमलं नाही. डायनासोर राष्ट्रीय स्मारकाच्या हद्दीतही मासे मेले.

या 'फालतू' माशांत पाइकमिनो होता. जुन्या काळी जवळजवळ सहा फूट वाढणारा! पूर्वीचे वसाहतवाले त्याला 'पांढरा सॅमन' म्हणून आवडीने खायचे.

कार्ल हब्स आणि रॉबर्ट मिलर या मत्स्यतज्ज्ञांनी विरोध केला होता. प्रकरण गाजलं, आणि पुढच्या वर्षी मंत्री स्ट्यूअर्ट युडाल यांनी अशा कामांत दुर्मिळ प्रजातींचा आधी विचार करायचे आदेश दिले.

पण विष वाहून गेलं, धरण राहिलं. तळातलं थंडगार पाणी खाली येऊ लागलं, वसंतातला पूर आटोक्यात आला. पाइकमिनो यँपा नदीच्या घळीत अंडी घालतो. त्यातून निघालेली इवली पिल्लं प्रवाहाबरोबर शंभरेक किलोमीटर किंवा जास्त वाहत खाली येतात आणि बॅकवॉटरमध्ये थांबतात. तिथे ऊब आणि खाणं मिळतं. वाळूचे हे पट्टे पूरच घडवतो. पुढे उन्हाळ्यात पाणी सारखं वर-खाली झालं, तर पाळणाघर एकदा बुडतं, एकदा सुकतं. त्यात बाहेरून आलेला रेड शायनर. बोटाएवढा मासा, पण पिल्लांचा फडशा पाडतो.

दुसरा मासा रेझरबॅक सकर. त्याची पिल्लं काठालगतच्या पूरमैदानी पाणथळीत वाढतात. आधी धरणाचं पाणी यँपाच्या पुराशी जुळवून सोडायचे. पण पिल्लं त्यानंतर बाहेर पडायची. म्हणजे दार उघडून बंद झालं, की मुलं शाळेत पोचणार! २०१२ पासून प्रकाश-सापळे लावून आधी पिल्लं शोधतात, ती दिसली की पाणी सोडतात. माझ्यासारख्या कोडवाल्याला हे लगेच पटलं : क्रॉन जॉब काढला, ट्रिगर लावला. स्ट्यूअर्ट लेक नावाच्या पाणथळीत मग नदीतच जन्मलेली पिल्लं मोठी होताना सापडली.

हे मासे अजून धोक्याबाहेर नाहीत. ज्यांना मारायला सरकारने नदीत विष कालवलं, त्यांच्याच नखाएवढ्या पिल्लांसाठी आता धरणाचं वेळापत्रक बदलतं. 'फालतू' हा शब्द किती महाग पडतो, बघा.

भेटू पुढच्या भागात!